वास्तुशांतीसाठी पुढे ढकललेले चार दिवस

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर आम्ही नेरूळला फ्लॅट घेतला. मी तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत. म्हणजे दिवसभर कापडाचा निळा रंग तपासायचा. पण प्रयोगशाळा म्हटल्यावर सोसायटीतले लोक डोकेदुखीवरही मलाच विचारत, आणि मी निर्लज्जपणे सल्ला देई.

गुरुजींनी वास्तुशांतीची तारीख दिली. मी पत्रिका वाटूनही आलो, आणि मग बायको कॅलेंडरपुढे उभी राहून म्हणाली, ‘‘अहो, नेमके तेव्हाच माझे दिवस येतायत. पुढच्या महिन्यात करूया.’’

‘‘साहेब येणारेत! गोळ्या घे की. सगळ्या बायका घेतात.’’

‘‘धाकटीच्या वेळी पायात रक्ताची गुठळी झाली होती ना? डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, विचारल्याशिवाय हार्मोनची गोळी घ्यायची नाही.’’

‘‘सहा वर्षं झाली त्याला. गुठळी काय तुझी वाट बघत बसलीये?’’

या विनोदावर मी एकटाच हसलो.

गोळ्या मीच औषधांच्या दुकानातून आणल्या; दुकानदाराने डॉक्टरांची चिठ्ठी मागितली नाही. कुटुंबनियोजनाच्या गोळ्या त्या, त्यात कृत्रिम इस्ट्रोजेन. सोबतचा कागद मी उघडला होता, पण अक्षर मुंगीएवढं आणि चष्मा आतल्या खोलीत. पांढऱ्या गोळ्या संपल्या की तपकिरी, लोहाच्या सुरू होतात आणि पाळी येते, एवढं मला ठाऊक होतं. तेवढ्यावर मी हुकूम सोडला, ‘‘तपकिरी टाकून दे, दुसरं पाकीट चालू कर.’’

वास्तुशांती झकास झाली. साहेबांनी शिरा दोनदा घेतला. बायको पाटावर सारखी डावा पाय सरळ करत होती. पाहुणे गेल्यावर म्हणाली, ‘‘पोटरी ठणकतेय हो.’’

‘‘पाटावर बसायची सवय गेलीये तुझी,’’ असं निदान करून मी गरम तेलाने तासभर तिची पोटरी रगडली. अगदी जोर लावून, प्रेमाने.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घेता येईना. शेजाऱ्याने आणि मी तिला खुर्चीत बसवून तीन जिने उतरवलं. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं, की तिला भीती वाटतेय हे मला त्यातून कळलं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, गुठळीचा तुकडा फुफ्फुसात गेलाय. ‘‘या गोळ्या कोणी दिल्या?’’

तिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला. ‘‘मीच आणल्या. कुणाला विचारलं नाही.’’

‘‘बाई, शिकलेल्या दिसता तुम्ही! आधी गुठळी झालेल्या माणसाला या गोळ्या विषासारख्या. कागदावर लिहिलेलं असतं.’’ मग माझ्याकडे वळून, ‘‘मिस्टर, तुम्हाला माहीत होतं?’’

एरवी माझं तोंड बंद करायला लोकांना हात जोडावे लागतात. मी नुसती नकारार्थी मान हलवली.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी आणखी एक विचारलं, पाय कोणी चोळला होता का. अशा पायाला चोळायचं नसतं, गुठळी सुटून वर जाऊ शकते. मी औषधं आणायचं निमित्त करून तिथून निघालो.

ती वाचली. घरातल्या मुलींना ती आजही बजावते, ‘‘मी मूर्खपणा केला. डॉक्टरांना विचारल्याशिवाय असल्या गोळ्या घेऊ नका गं.’’

परवा एका भाचीने विचारलं, ‘‘आणि काका काय करत होते?’’

‘‘त्यांनी बिचाऱ्यांनी तासभर पाय चोळला माझा,’’ बायको कौतुकाने म्हणाली.