पश्चिमेकडे पाय

जानेफळात आमच्या घरासमोर रहेमतुल्लाभाईंचं घर आहे. रुई पिंजून गाद्या भरणं हा त्यांचा पिढीजात धंदा. गल्लीत लग्न ठरलं की पहिला निरोप त्यांना जातो, आणि कोणी घाई केली की ते म्हणतात, "निजाले सारी जिंदगी पडली आहे, शिवाले आठ दिवस तं द्या." गादीच्या खोळी त्यांची बायको गौसियाभाभी शिवायची. माणूस बोलका, बाई त्याहून बोलकी. घरात उर्दू, बाहेर वऱ्हाडी आणि भांडताना दोन्ही. भिंतीला कान लावायची कोणाला गरजच पडली नाही, सगळं रस्त्यावर ऐकू यायचं.

घर जुनं, जाड मातीच्या भिंतींचं, वर मातीचं सपाट धाबं. रस्त्याच्या बाजूला कामाची खोली, तिच्यात पिंजायचं मशीन आणि रुईचे ढीग. तिच्यामागे दोन लांबट अरुंद खोल्या शेजारीशेजारी, एक निजायची आणि एक स्वयंपाकाची, मधे एक भिंत.

ऐन थंडीत, सकाळी पाणी भरताना भाभी नळापाशीच कोसळल्या. खामगावच्या दवाखान्यातून महिन्याने परत आणलं तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचाही. सगळं समजत होतं, सांगता काही येत नव्हतं. खामगावला दिलेली त्यांची मुलगी शाहीन सासरी सांगून सेवेला आली.

लोखंडी पलंग निजायच्या खोलीत एकाच प्रकारे बसत होता, पूर्व-पश्चिम. रुंदी इतकी कमी की आडवा तो शिरतच नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की पेशंटला सपाट निजवू नका, पाठीशी उशा देऊन अर्धवट बसवा, नाहीतर घास छातीत जाईल. म्हणून डोकं पूर्वेच्या भिंतीशी आणि पाय पश्चिमेकडे ठेवले.

मुसलमान माणूस पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढतो आणि झोपताना तिकडे पाय करत नाही. भाभी या बाबतीत फार कडक. शेजारची लेकरं त्यांच्याकडे खेळता खेळता झोपली, तर त्या त्यांना अलगद उचलून फिरवून ठेवायच्या, मग ती कोणाचीही असोत. आमचीही दोन्ही त्यांनी अशी फिरवलेली आहेत.

आता अजान झाली की त्या रडायच्या. आधी सगळ्यांना वाटलं, दुखत असेल. रहेमतुल्लाभाईंनी दोन दिवस नीट पाहिलं आणि मग आमच्या ओट्यावर येऊन बसले.

"अजान झाली का ते डावा पाय पोटाशी ओढून घेते," ते म्हणाले. "उजवा ओढता येत नाही. मंग त्या उजव्याकडं पाहते अन् रडते. तिले दुखत नाही, साहेब. तिले शरम वाटून राह्यली."

ते मौलानांकडे गेले. मौलानांनी समजावून सांगितलं की आजाऱ्याला सगळी सूट आहे, उशांना टेकून, इशाऱ्याने नमाज पढावी. तोंड पश्चिमेकडे असणं महत्त्वाचं, पाय तिकडे गेले तरी गुनाह नाही. भाईंनी घरी येऊन भाभींना शब्दन् शब्द सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला. दुपारची अजान झाली आणि त्यांनी पुन्हा डावा पाय ओढला.

मग पलंग उलटा फिरवून पाहिला, डोकं पश्चिमेला. आता पाय सुटले, पण तोंड पूर्वेच्या भिंतीकडे आणि पाठ किबल्याकडे, म्हणजे काबेच्या दिशेला. भाभींनी डाव्या हाताने उशी ओढून खाली टाकली. पलंग पुन्हा होता तसा केला.

"अल्लाले चालते," भाई मला म्हणाले, "मौलानाले चालते. तिले नाही चालत. मी काय करू?"

माघातली पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. मेहकर रस्त्याला एखाददुसरा पळस लाल होऊ लागला होता आणि रमजान पंधरा दिवसांवर होता. रमजानचा चांद दिसायच्या आत बायकोला नीट नमाज पढता आली पाहिजे, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला. मशीन बंद पडलं. लोकांच्या गाद्या तशाच अर्ध्या राहिल्या. एका सकाळी ते पुंजाजी मिस्त्रीला घेऊन आले.

पुंजाजी आमच्याच गावचा, गवंडीकामात केस पांढरे झालेला. त्याने दोन खोल्यांमधल्या भिंतीवर हात थापटून पाहिला, वर तुळईकडे पाहिलं.

"हे भिंत पाडाची म्हनता? रहेमतभाई, साऱ्या धाब्याचं वझं हिच्यावर आहे. पाडली तं धाबं अंगावर येईन. साऱ्या गावाले निजवता निजवता तुमचीच अक्कल निजली काय?"

"लोखंडी गर्डर टाक."

"काऊन पण? चांगली उभी आहे नं!"

"पलंग आडवा बसला पाह्यजे. उत्तर-दक्षिण. मंग ते उजव्या कुशीवर झाली का तोंड सरळ पश्चिमेले. पाय कुठंच नाही अडत."

पुंजाजीने बोटाने दिशा मोजली. "म्हंजे डोकं उत्तरेले?"

"हाव, उत्तरेले."

"पक्कं?"

"हाव म्हणलं नं!"

पुंजाजीने माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यातली रीत वेगळी असेल, असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असावं. त्याने कुदळ मागवली.

शाहीनला हे मुळीच पटलं नव्हतं. "अब्बा, अम्मीले कूस बदलाले दोन माणसं लागतात, अन् तुम्ही घर पाडून राह्यले. स्वयंपाक मी कुठं करू, डोक्यावर?"

"मागं टीन टाकून देतो."

"अम्मी धडधाकट होती तव्हा दहा वर्ष म्हणत होती, चूल अंधारात आहे, एक खिडकी पाडा. तव्हा तुम्हाले हातोडी सापडली नाही."

भाईंनी मान खाली घातली आणि टीन आणायला निघून गेले.

काम चालू असताना भाभींचा पलंग कामाच्या खोलीत हलवला. मशीन फरशीत बोल्टाने पक्कं बसवलेलं, त्यामुळे मशीन आणि भिंत यांच्यामधल्या पट्ट्यात पलंग पुन्हा पूर्व-पश्चिमच लागला. त्या खोलीत वर्षानुवर्षांची रुई. वाऱ्याची झुळूक आली की रुईचे तंतू उडायचे आणि भाभींना खोकला लागायचा. पलीकडे भिंत पडत होती, तिची धूळ निराळी. शाहीन ओल्या चादरी दाराला लावायची, त्या तासाभरात मातकट व्हायच्या. खोकून खोकून भाभींच्या डोळ्यांतून पाणी यायचं, आणि त्यातच अजान झाली की डावा पाय पोटाशी.

भिंत उतरली, गर्डर अजून चढायचा होता, तुळईला लाकडी टेकू दिलेले होते, आणि त्याच दुपारी आभाळ भरून आलं. वारा सुटला, मग बोराएवढ्या गारा. शिवारात हरभरा सोंगायला आलेला होता, सगळे तिकडे धावले. पुंजाजीही धावला, त्याचं स्वतःचं दोन एकर उभं होतं. मी आणि भाई प्लास्टिकचा कागद घेऊन धाब्यावर चढलो. कागद हातात ठरत नव्हता. खाली आवाज झाला. एक टेकू सरकला आणि धाब्याचा कोपरा, चिखल आणि काड्यांसकट, खोलीत बसला.

मी खाली उतरलो तेव्हा भाई माझ्याआधीच उतरून त्या ढिगाऱ्याजवळ उभे होते. टोपी ओली, दाढीतून पाणी गळत होतं. बाहेरच्या खोलीत भाभी जे काही ऐकत होत्या त्याचा अर्थ त्यांना कोणी सांगितला नव्हता. त्या ओरडत होत्या. तो आवाज शब्दाचा नव्हता.

"सारं ठीक आहे, गौसिया," भाई इथूनच म्हणाले. "तुझीच खोली करून राह्यलो." आणि मग मला हळूच, "साहेब, हे म्या काय करून ठेवलं?"

पण मागे फिरायला आता भिंतच नव्हती. पुंजाजी दुसऱ्या दिवशी परत आला. त्याचा हरभरा गेला होता, तरी तो सरळ कामाला लागला. गर्डर चढला, पडलेल्या कोपऱ्यावर टीन बसलं. रहेमतुल्लाभाईंनी स्वतः भिंतींना चुना दिला. नवीन गादी भरली, निवडक रुईची, टाके इतके जवळ की शाहीन म्हणाली, "अब्बा, लग्नाची आहे का काय?" चांद दिसायला दोन दिवस राहिले होते.

संध्याकाळी त्यांनी आम्हाला बोलावलं. पलंग नव्या खोलीच्या मधोमध, डोकं उत्तरेला. मी, भाई, पुंजाजी आणि शाहीन अशा चौघांनी भाभींना चादरीतून उचलून आणलं. पाठीशी उशा, मग हळूच उजव्या कुशीवर. तोंड बरोबर पश्चिमेच्या पांढऱ्या भिंतीकडे. समोर काही नाही, भिंत आणि तिच्यावरची उतरती उजेडाची तिरीप.

"देख," भाई म्हणाले. "आता पाय तिकडं नाही."

भाभींनी समोर पाहिलं. मग छताकडे. मग डाव्या हाताने त्यांनी भाईंचा सदरा धरला, इतका जोरात की वरचं बटण तुटलं. तोंडातून तोच गारांच्या दिवसाचा आवाज. आम्हाला कळेना. भाई त्यांच्या तोंडाजवळ कान नेत होते, "काय झालं, काय झालं," म्हणत होते.

शाहीनला आधी कळलं. ती पायथ्याशी उभी होती. तोंडावर ओढणी घेऊन ती म्हणाली, "अब्बा, उचला तिले. उचला. असं तं कबरीत ठेवतात."

उत्तरेला डोकं, उजवी कूस, तोंड पश्चिमेकडे. गावातल्या कितीतरी माणसांना रहेमतुल्लाभाईंनी स्वतः कबरीत उतरून असंच ठेवलेलं होतं. शब-ए-बरातला, मेलेल्यांसाठी दुआ मागायच्या रात्री, ते कब्रस्तानात जाऊन आले होते, त्याला पुरते पंधरा दिवसही झाले नव्हते. ते पलंगाकडे बघत राहिले, जणू तो दुसऱ्याच कोणी आणून ठेवला होता.

पुंजाजी दाराशी गेला. "आमच्यातही मेल्यावरच उत्तरेले डोकं करतात," तो खालच्या आवाजात म्हणाला. "म्हणूनच म्या पक्कं का, असं इचारलं होतं. वाटलं, तुमच्यात चालत असंन."

त्यांच्यात चालतं. मौलानांनी नंतर सांगितलं की अशा कुशीवर झोपणं पुण्याचंच आहे. पण ते भाभींना कोण पटवणार? त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. बारा-तेरा दिवस नवरा धूळ खात, गारा खात, कोणाचं न ऐकता खपला आणि त्याने काय बांधलं, हे त्यांनी पाहिलं होतं. भाईंनी लगेच पलंग फिरवला, डोकं दक्षिणेला केलं. उपयोग झाला नाही. त्या खोलीच्या उंबऱ्याशी नेलं की भाभी चौकट धरायच्या आणि सोडायच्या नाहीत. शेवटी त्यांना पलंगासकट पुन्हा मशीनशेजारच्या पट्ट्यात आणलं. त्या रात्री त्यांनी घास घेतला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. शाहीनने चमचा लावला की ओठ मिटायच्या.

दुसऱ्या दुपारी मी डोकावलो तेव्हा कामाच्या आणि नव्या खोलीमधलं दार सताड उघडं होतं. भाभींना पलंगावरून आतलं दिसेल अशा बेताने शाहीनने त्यांची मान वळवून धरली होती. आत जमिनीवर टाकलेल्या नव्या गादीवर रहेमतुल्लाभाई स्वतः आडवे झाले होते, उत्तरेला डोकं, उजव्या कुशीवर.

"देख, गौसिया, मी निजलो." आणि उठून बसून, "देख, उठलो." पुन्हा आडवे. "देख, निजलो. देख, उठलो. काही नाही होत. फक्त निजाचं, मंग उठाचं."

किती वेळा केलं कोण जाणे. त्यांना दम लागला होता. शाहीनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तिला मधेच हसूही येत होतं. ती म्हणाली, "अब्बा, बस करा, गादी फाटीन." भाभी एकटक पाहत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले आणि तोंड फिरवलं.

तेवढ्यात अस्रची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली.

भाभींनी डावा पाय ओढला. भाई आतून धावतच आले. बायकोची नजर त्या उजव्या पायाकडे गेलेली त्यांनी पाहिली. ते पायथ्याशी खाली बसले, उजव्या पायाला दोन्ही हात घातले, गुडघ्यात दुमडला आणि छातीशी धरून बसले. पाय जड होता, सुटू पाहत होता. त्यांनी तो आणखी आवळला. आता दोन्ही पाय जवळ आलेले होते, पश्चिमेकडे लांब झालेले नव्हते. भाभींनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग डावा हात कानापर्यंत नेला, छातीवर आणला, आणि त्यांचे ओठ हलू लागले. मान किंचित झुकत होती, वर येत होती. पुरी नमाज होईपर्यंत त्या रडल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी शाहीनच्या हातून दोन चमचे खिचडी खाल्ली.

रमजान लागला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात मशिदीतली जमात, सगळ्यांसोबतची नमाज, सहसा चुकवली नाही, तो आता अजानीला घराकडे पळतो. आधी बायकोचा पाय धरतो, तिची झाली की आपली एकट्याची पढतो. नवीन खोली तशीच आहे, चुन्याचा वास अजून गेलेला नाही. तिच्यात कोणी निजत नाही. गौसियाभाभी त्या रुईच्या धुळीतच आहेत, खोकतात. डॉक्टर म्हणतात, तिथून हलवा. हलवणार कुठे?

परवा रोजा सुटायच्या थोडं आधी ते आमच्या ओट्यावर बसले होते. शाहीनला सासरहून बोलावणं आलं होतं, ईद झाली की तिला जावं लागणार होतं. भाई मनगटं चोळत होते. दिवसभराचा उपास, त्यात ते वजन.

"एक इचारू, साहेब?" ते म्हणाले. "मी आधी गेलो तं? तिचा पाय कोण धरन?"

नर्स ठेवा, असं म्हणणार होतो.

मगरिबची अजान झाली. त्यांनी खिशातला खजूर तोंडात टाकला, पाण्याला थांबले नाहीत, आणि चावता चावताच घाईने रस्ता ओलांडून आत गेले.