समोरच्या घरातली किल्ली

"मॅडम, जागा आपलीच आहे एवढं सांगा, की मीटिंग संपली!" चेअरमन म्हणाले. सगळी सोसायटी माझ्याकडे बघत होती. मी टाउन प्लॅनर, म्हणजे शहरात रस्ते, बागा, घरं कुठे असावीत हे नकाशावर ठरवणारी. राहतेही याच सोसायटीत. एकटी.

प्रश्न कुंपणालगतच्या वाटेचा होता. पनवेलच्या आमच्या भागात मागे जुनं गाव, पुढे तळं आणि मध्ये आमचे टॉवर. हळदीच्या दिवशी गावातल्या बायका त्या वाटेने वाजतगाजत तळ्यावर पाणी आणायला जातात. सोसायटीला त्या आवाजाचा वैताग. तिथे भिंत घालून पार्किंग करायचं घाटत होतं.

गेटवर भाजी विकणाऱ्या, त्या गावातल्या हिराबाईंनी मला आधीच सुनावलं होतं. "नातीची हलद हाय. कलशी घेऊन आमी काय हायवेवरून जावाचा? गाडीखाली मरू काय?"

मी सोसायटीच्या मंजूर लेआउटचा नकाशा सगळ्यांना दाखवला. "ही पादचारी वाट आहे. जमीन आपल्या हद्दीत, पण चालायचा हक्क सगळ्यांचा. बंद करता येणार नाही."

"तुम्ही नक्की कोणाच्या बाजूने?" चेअरमननी विचारलं.

"नकाशाच्या."

काय तो माझा ताठा! पण भिंत रद्द झाली.

दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनींनी बेल वाजवली. माझ्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची. एकट्या बाईला तेवढा आधार लागतो.

"ही ठेवा तुमची. उगाच जबाबदारी नको," म्हणाल्या आणि जाऊन आपलं दार लावून घेतलं. मी किल्ली घेऊन तशीच उभी. फार लागलं मनाला. संध्याकाळचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो हो! लिफ्टमध्येही लोक मोबाइलमध्ये डोकं घालू लागले. घरी आल्यावर मी उगाच टीव्ही लावून ठेवायचे.

हिराबाईंच्या नातीच्या हळदीला मी गेले. त्यांनी विचारलं, "घरची मानसं कुठं हायेत?"

"कोणी नाही. मी एकटीच."

"अगो बाय! आजारी पडलीस तं दार कोन उघडील?"

मी पर्समधून ती किल्ली काढून त्यांच्या हातात दिली.

परवा कचरा ठेवायला बाहेर आले आणि लॅचचं दार मागे धाडकन लागलं. वहिनींच्या घरात बोलणं ऐकू येत होतं. बेलकडे नेलेला हात मी खाली घेतला. गाऊनवरच, त्या वाटेने हिराबाईंकडे गेले.

'मी वाट लोकांसाठी मोकळी ठेवली', असं प्लॅनरने मीटिंगमध्ये मिरवू नये. कधी आपल्यालाच तिथून गाऊनवर जावं लागतं.