खिडकीतला कॉम्प्युटर

नाना टाइपरायटर चालवत नसत, बदडत. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या पंचायत समितीत मी कारकून म्हणून लागले, तेव्हा माझं टेबल त्यांच्या शेजारीच होतं. मी कुरकुर केली तर म्हणाले, "बाई, हा आवाज तुमच्यासाठी नाहीच. बाहेरच्या बाकड्यासाठी आहे."

खरंच होतं ते. व्हरांड्यात दाखल्यासाठी बसलेली माणसं त्या खडखडाटावर निश्चिंत असत. नाना तंबाखू मळायला थांबले की बाहेरून लगेच खोकल्याचे आवाज येत.

मग नव्वदीच्या दशकाच्या शेवटी कॉम्प्युटर आला. नाना निवृत्तीला टेकलेले, पण शिकले झपाट्याने. फक्त ओळ संपली की डावा हात आपोआप हवेत जाई आणि टाइपरायटरचा नसलेला दांडा ढकलून परत येई. आम्ही पोट धरून हसायचो, तेही हसायचे. पंचाईत वेगळीच झाली. आवाज गेला. एक दिवस बाकड्यावरचे एक आबा तडक बीडीओ साहेबांकडे गेले. "नाना काम नही करी राहिना, साहेब. सकायपासून टीव्ही देखी राहिना!"

साहेबांनी नानांना बोलावून झापलं. त्या दुपारी नानांनी डबा उघडला नाही. "सगळ्या नोकरीत मला कुणी कामचुकार म्हटलं नव्हतं हो," एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी येऊन बघते तर नाना व्हरांड्याच्या खिडकीकडे पाठ करून बसलेले. टेबल असं ओढलेलं की त्यांच्या खांद्यावरून स्क्रीन थेट बाहेरच्यांना दिसावा. सगळी मंडळी गजांना चिकटलेली. सोनगीरकडची एक म्हातारी विचारत होती, "मन्हं नाव कोठे शे?" नानांनी तिचं नाव चांगलं मोठं केलं आणि बोट ठेवलं. "हाई देख अक्का, आठे." म्हातारीला अक्षरओळख नव्हती. तरी तिने नीट निरखून पाहिलं आणि मागच्यांना सांगितलं, "बठ्ठं बराबर शे."

साहेब तणतणत आले. "नाना, सरकारी कागद असा चव्हाट्यावर?"

नाना उठून उभे राहिले. "साहेब, कागद सरकारचा. पण नाव त्यांचंच आहे ना?"

साहेब खिडकीतल्या तोंडांकडे बघत राहिले आणि आल्या पावली परत गेले.

पुढे नाना निवृत्त झाले. नव्या ऑपरेटरने पहिल्याच सकाळी टेबल फिरवून स्क्रीन भिंतीकडे केला. दुपारपर्यंत व्हरांड्यात हा गलका! "नाना आम्हले नाव दखाडे, तू बी दखाड!" सगळ्यांत पुढे, गज धरून ओरडत होते ते टीव्हीवाले आबा.

पोरगा बिचारा गडबडून उठला. टेबलाचं दुसरं टोक मी धरलं.