मोज्यातली बदकं आणि माझी कात्री

माझ्या डाव्या पायातल्या बदकांमुळे माझ्या मुलाचं लग्न मोडायला आलं होतं. बदकं नऊ होती. (आधी.)

घाई कसली होती ते पहिलं सांगतो. माझी बायको मालन मागच्या श्रावणात गेली. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की लग्नकार्य वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. धाकटा नितीन चौतीस वर्षांचा. तीन वर्षांनी तो सदतीसचा, आणि मी फोटोत. जाताना मालन एवढंच बोलली होती, "नितीनचं बघा." माझं कोणी बघायचं हे तिने कुणाला सांगितलं नाही. तेव्हापासून मी कपाट उघडतो, उभा राहतो, आणि बंद करतो.

आठ महिने असेच गेले. मग माझी थोरली सुनंदा, जी करी रोडला दिलीय, तिने दादरच्या कदमांची रूपाली सुचवली. पोरापोरीचं जमलं. आता मोठ्यांनी बसून सुपारी फोडायची तेवढी बाकी होती. कदमांचं दादरला कपड्यांचं दुकान आहे, एवढं मला सांगितलं. पुढचं कोणी सांगितलं नाही. ती चूक माझी नव्हे.

रविवारी सकाळी नितीनने माझे कपडे पलंगावर मांडले. राखाडी पॅन्ट, पिवळा शर्ट, आणि मोजे. मोजे लाल मातीच्या रंगाचे, त्यावर पिवळी बदकं. मी म्हटलं, बारशाला जायचंय का?

"बाबा, पॅन्ट साधी असली की मोजे बोलके पाहिजेत."

"मोज्यांनी काय बोलायचं? बोलायला मी आहे ना."

"तीच तर भीती आहे," सुनंदा म्हणाली.

मग नितीनने नियम सांगितले. मोज्यातला एक रंग वर कुठेतरी दिसला पाहिजे. पॅन्ट चौकड्यांची असेल तर मोज्याची नक्षी बारीक हवी. बसल्यावर पोटरी उघडी पडता कामा नये. त्याचं ऑफिस आमच्या गिरणीच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरात आहे, वरच्या मजल्यावर. तिथे सगळे असेच मोजे घालतात म्हणे. त्याच जागेवर खाली मी तीस वर्षं अनवाणी पायांनी उभा राहिलो आणि माझ्या पायांना कोणी काही विचारलं नाही. पण मुलाचं काम होतं. बदकं पिवळी म्हणून शर्ट पिवळा! बहात्तर वर्षांचा माणूस बदकांना शोभेल असा तयार झाला.

डावा मोजा चढवायला गेलो तर अंगठा आत अडकला. उलटा करून बघतो तर आत प्रत्येक बदकाच्या पाठीमागे धाग्यांचं जंगल. आता सांगायला पाहिजे, मी गिरणीत फोल्डिंग खात्यात होतो. तयार कापड टेबलावर यायचं, त्यातले दोष बघायचे, लोंबते धागे कापायचे आणि घडी घालून पुढे द्यायचं. गिरणी गेली, पण हात कुठे जाणार? अजूनही खिशात छोटी कात्री असते. असला माल माझ्या टेबलावर आला असता तर आणणाऱ्याला मी उभा-आडवा घेतला असता.

मी पलंगावर बसून एकेका बदकामागचे धागे साफ कापले. सुलटा केला तर सगळी बदकं जागच्या जागी. कापडातलं आपल्याला कळतं, असं म्हणत मोजा घातला. मालन असती तर स्वयंपाकघरातूनच ओरडली असती, "ती कातर आधी खाली ठेवा." तिला भिंतीतून दिसायचं. उजव्याला हात घालणार तोच नितीनने टॅक्सी आल्याची हाक मारली. देव असतो तो असा.

टॅक्सीत बुटाच्या आत वळवळायला लागलं. मी अंगठा मुडपून बसलो. कदम तिसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही. दर पायरीला आत काहीतरी सुटल्यासारखं वाटत होतं. वर पोचलो तर दारात चपलांची रांग. आता लोकांच्या घरात बूट घालून जाणार आहे का कोणी? नितीनला नियम सांगणाऱ्याने ही रांग बघितलेली दिसत नव्हती. मी डावा बूट काढला आणि त्यातून पिवळा कापूस बाहेर पडला. बदकं गेली होती. त्यांच्या जागी बदकांच्या आकाराची भोकं होती. पुढच्या भोकातून अंगठा बाहेर येऊन सगळ्यांकडे बघत होता.

सोफ्यावर मी उजवा पाय डाव्यावर दाबून बसलो. पोहे झाले, चहा झाला. कदमांचं बोलणं तोलूनमापून, पण माणूस सरळ वाटला. तारखांपर्यंत गोष्ट आली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांच्या बायकोने रूपालीला सांगितलं, मोठ्यांच्या पाया पड.

नमस्कार घ्यायचा तर पाय जोडून ठेवायला लागतात. पोरगी वाकली आणि वाकलेलीच राहिली. उठली तेव्हा तिच्या बोटाला पिवळा धागा होता.

कदमांनी खाली बघितलं. आता मी गप्प बसायचं की नाही? पण तोंड माझं.

"हल्लीचा माल हो," मी म्हटलं. "भिकार. पहिल्यांदा घातले आणि ही दशा. विकणाऱ्याला चौकात उभा केला पाहिजे."

सुनंदा भिंतीवरच्या कॅलेंडरात शिरली. नितीनचा चेहरा मोज्याच्या रंगाचा झाला. कदमांनी कप खाली ठेवला.

"हा माल माझ्या दुकानातला आहे," ते म्हणाले.

तर कपड्यांचं दुकान म्हणजे बनियन, रुमाल आणि मोजे! सासऱ्याला बरं वाटावं म्हणून नितीनने दोघांचे मोजे मुद्दाम तिथूनच घेतले होते. मला सांगितलं नाही, कारण मी बोलून टाकीन.

कदमांनी मोजा काढून मागितला. मी दिला. त्यांनी आत हात घातला, उलटा केला, खिडकीशी नेला आणि उजेडात धरला. ती नजर मी ओळखली. तीस वर्षं ती माझी होती.

"हे कात्रीचं काम आहे," ते म्हणाले. "पाठचे धागे कापले तर पुढची नक्षी कशावर राहणार? माझ्या घरात बसून माझ्या चांगल्या मालाला तुम्ही भिकार म्हणालात. उद्या माझ्या मुलीलाही असंच म्हणाल. मला विचार करायला लागेल."

विचार करायला लागेल म्हणजे काय ते आम्हाला कळतं. वर्षातले आठ महिने गेलेले. हे बिनसलं की पुढचं तीन वर्षांनी. मालनने एकच काम सांगितलं होतं, आणि ते मी बुटात घालून आणलं होतं.

"मीच कापले," मी म्हटलं. "फोल्डिंगला होतो. लोंबता धागा दिसला की हात राहत नाही. मालात खोट नव्हती, खोट माझ्यात आहे. घरी बायको होती, ती कात्री काढून घ्यायची. आता काढून घ्यायला कोणी नाही."

मला फक्त कात्रीचंच सांगायचं होतं. पण कदमांची बायको उगाच रिकाम्या बश्या गोळा करायला लागली.

मग रूपाली नितीनला म्हणाली, "तुम्ही जरा पॅन्ट वर करा."

नितीनने दोन्ही पायांची वर केली. निळ्यावर पिवळी बदकं. तिने नीट बघितलं.

"बाबा, ह्यांची सगळी आहेत," ती कदमांना म्हणाली. "ह्यांना कात्रीची सवय नाहीये."

कदमांनी मोजा सुलटा करून टेबलावर ठेवला. मग त्यांनी मला विचारलं, कात्री आत्ता जवळ आहे का. मी खिशातून काढून दिली. ती त्यांनी शोकेसमध्ये ठेवली, कुलूप लावलं, आणि म्हणाले, आता सुपारी आणा.

लग्न महिन्याभरात झालं, परळच्या हॉलमध्ये. कदमांनी माझ्यासाठी मोजे पाठवले होते, काळे, साधे. आतून तपासले (नुसते बघितले!). मुलगा-मुलगी उभी राहिली, मध्ये अंतरपाट धरला, मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या कडेला एक धागा लोंबत होता. चांगला वीतभर. कात्री नव्हती, पण बोटं होती. मी पाऊल पुढे टाकलं, तोच कदमांनी माझा उजवा हात घट्ट धरला. डावा मालनने धरला असता. तो सुनंदाने धरला. लोक म्हणाले, व्याह्यांचं काय प्रेम आहे बघा. माझ्या मुलाच्या लग्नात माझ्याशिवाय सगळ्यांनी अक्षता टाकल्या.