नवारीची सीट

गाडी बांधायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी कागदावर तीन रकाने आखले. मागून मिळेल ते, बदल्यात मिळेल ते आणि विकतच घ्यावं लागेल ते. तिसरा रकाना होईल तेवढा लहान ठेवायचा, एवढंच धोरण. धाकट्या भावाने विचारलं, "अक्का, इंजिन कुठल्या रकान्यात?"

"ते तू सांग. गाडी तुझी, रकाने माझे."

हे सत्तर सालानंतरचं, पेट्रोल महाग व्हायच्या आधीचं. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहायचो. पुढच्या खोलीत दोन माग, मागच्या खोलीत आम्ही तिघं: वडील, भाऊ आणि मी. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. वडिलांना आम्ही नायना म्हणायचो. घरात तेलुगू चालायची, त्यामुळे घरातली बोलणी इथे मराठी करून लिहिते आहे. नायना चादरी विणायचे, मी सूत सोसायटीत कारकून होते. भाऊ मात्र मागावर बसत नव्हता. तो शुक्रवार पेठेतल्या एका गॅरेजात हाताखाली काम करायचा, आणि त्यावरून नायना त्याच्याशी बोलत नसत. काही सांगायचं असलं की माझ्यामार्फत. "त्याला सांग, भात झालाय." तो समोरच बसलेला असायचा.

पुण्याच्या चुलतभावाचा निरोप होता की कारखान्यात चिकटवून देतो, दिवाळीच्या आत कळव. भावाला जायचं नव्हतं. गॅरेजच्या मागे पत्र्याची एक शेड रिकामी पडली होती. ती मिळाली तर स्वतःचं काम सुरू करता येईल, असं त्याच्या मनात होतं. मालकाकडे त्याने ती कितीदा तरी मागितली, आणि मालक दर वेळी हसण्यावारी नेत.

मग वाण्याने हळद बांधून दिलेलं एका परदेशी मासिकाचं पान घरी आलं. त्यावर एका विचित्र मोटारीचं चित्र होतं. टप नाही, मडगार्ड नाहीत, पुढे उघडं भलंमोठं इंजिन. खालचं इंग्रजी मी वाचून दाखवलं. तिकडची पोरं जुनी गाडी स्वस्तात घेतात, तिच्यावरचं सगळं वजन उतरवतात आणि दुसऱ्या गाडीचं मोठं इंजिन बसवतात. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. भावाने ते पान खिशात घातलं आणि दुसऱ्या दिवशी मालकासमोर उलगडलं.

मालक लिंगायत, बोलायला खवट. तंबाखू मळत त्यांनी पान बघितलं. "हाट राड? म्हंजे तापलेली सळई? आन् ही कुणाच्या ढुंगणाला लावायची?"

गॅरेजभर हशा पिकला. भाऊ म्हणाला, "मी बांधून दाखवतो, मालक."

"बांध की. बांधून बार्शीला जा. तितं माझ्या मेव्हण्याची अडत हाय. तितनं ज्वारीचं एक पोतं घाल आन् परत ये. आपल्या चाकावर आलास तर शेड तुझी. ढकलत आणलीस तर पुण्याला जायचं, आन् पुन्हा माझं डोकं खायचं न्हाय."

"शब्द?"

"सिद्धरामाची आण. हितं उभा ऱ्हाऊन सांगतो की."

बैठकीच्या गमतीत बोललेला शब्द होता, पण तो मालकांनी पाळला असता, याबद्दल मला आजही शंका नाही.

पहिल्या रकान्यात काय काय आलं ते बघून मलाच नवल वाटलं. एका वकिलांच्या अंगणात दुसऱ्या महायुद्धाआधीची विलायती मोटार कडुलिंबाखाली सडत होती. आत मांजर व्यायची. वकीलीणबाई म्हणाल्या, न्या, पण मांजरीची सोय लावा. मांजर आमच्याकडे आली. इंजिन भंगारवाल्या चाचांकडे सापडलं, लष्कराच्या मोडीत निघालेल्या जीपचं. चाचा वस्तूच्या बदल्यात वस्तू घेणारा माणूस. भाऊ इंजिनाभोवती फिरायला लागला तसे ते म्हणाले, "देखता क्या है बेटा, हड्डी है हड्डी. जान तू डाल." बदल्यात काय, हे मी बोलले. नायनांच्या मागावरून काही चादरी सदोष निघायच्या. एखादा धागा सुटलेला, फुलाची एक पाकळी सरकलेली. त्या आमच्याकडे साठायच्या. चाचांच्या घरी लग्न होतं, पाहुण्यांना अंथरुणं हवी होती. पाकळ्या कोण मोजतो?

टायरही असेच चादरींवर आले. चादरी कमी होत चालल्याचं नायनांना दिसत होतं.

काम गॅरेजच्या मागच्या अंगणात, रविवारी आणि सुट्टी झाल्यावर चालायचं. टप कापला, दारं काढली, मागची सगळी बाजू काढली. चॅसी मध्ये कापून आखूड केली आणि पुन्हा जोडली. मोठं इंजिन बसवायला पुढची जागा पुरेना, म्हणून सायलेन्सरचा पाइप वळवून सीटखालून घ्यावा लागला. तो बसायच्या जागेच्या अगदी जवळून जायचा. माझ्या यादीत सीटपुढे लिहिलेलं होतं: फळी, खाली पत्रा, वर पोत्याची घडी. पत्रा पाइपाची धग अडवायला. तो तिसऱ्या रकान्यात होता आणि म्हणून शेवटी घ्यायचा होता.

दसऱ्याच्या आधी इंजिन पहिल्यांदा सुरू झालं. आवाज असा, की शेजारच्या पिठाच्या गिरणीवाला बाहेर आला. मालक कानावर हात ठेवून म्हणाले, "लई बोंबलती. पर चालती का?" भावाने अंगणातच तिला पुढे-मागे करून दाखवली. त्याचा चेहरा मी तेवढा मोकळा त्यानंतर पाहिलेला नाही.

खंडेनवमीला आमच्याकडे माग धुऊन पुसून त्यांची पूजा होते आणि त्या दिवशी माग चालवत नाहीत. त्या वर्षी पूजा झाली आणि नायना चप्पल घालून बाहेर पडले. खांद्यावर मोठं गाठोडं होतं. मी विचारलं तर म्हणाले, "येतो." ते गॅरेजवर गेले. भाऊ तिथे गाडीला झेंडूचा हार घालत होता. मी पोचेपर्यंत नायना गाडीत वाकलेले होते. फळी त्यांनी काढून ठेवली होती. गाठोड्यातून नवीकोरी नवार निघाली, स्वतः विणलेली, आणि खाटेला विणतात तशी ती ते सीटच्या चौकटीवर ताणून विणत होते. आडवी, उभी, प्रत्येक पट्टी पायाने दाबून. बैठक त्यांनी पाठीमागे लांबवली, पोतं ठेवायची सोय म्हणून. मग वर गादी. आत मागावरचं टाकाऊ सूत दाबून भरलेलं, आणि वरचं कापड म्हणजे चादरच, लाल-काळी, मध्ये मोर. या चादरीत दोष नव्हता. मी शोधला.

"फळीवर बार्शीपर्यंत बसायचं?" नायना म्हणाले. कुणाकडे बघून ते कळलं नाही, पण माझ्यामार्फत म्हणाले नाहीत. "हाडं मोडतील. ही बसायला हाय, नुसती बघायला न्हाय."

भावाने खाली वाकून बघितलं. हात घालून नवार आणि पाइप यांच्यातली जागा चाचपली. मग उठला आणि गादीवर बसला. "झकास झालंय, नायना," तो म्हणाला. नायनांनी त्याच्या खांद्यावरची धूळ झटकली. इतकंच.

परत येताना मी पत्र्याचं विचारलं. तो म्हणाला, "पत्रा घालायचा तर सगळी नवार सोडावी लागेल."

"मग सोड."

"त्यांच्या डोळ्यांदेखत? बार्शीहून आल्यावर बघू, अक्का."

दसऱ्यानंतरच्या रविवारी पहाटे निघालो. मी बरोबर जायचं, हे भावानेच ठरवलं होतं. वाटेत काही लागलं तर काय कुठे आहे ते मलाच माहीत. पाण्याचा कॅन, पाने, तार, जुनी ट्यूब, भाकरी, सगळं ठरलेल्या जागी होतं. नायना दारापर्यंत आले. गल्लीतल्या बाया हसत होत्या. एक म्हणाली, "अगं, टप न्हाय तिला! डोक्यावर पदर घे, न्हायतर वाऱ्यानं बार्शीला केस आधी पोचतील."

जाताना काहीच बिघडलं नाही. गाडी हलकी आणि इंजिन दांडगं, त्यामुळे चढावर ती एसटीच्या पुढे निघून गेली, तसा ड्रायव्हरने हात बाहेर काढून सलाम ठोकला. भाऊ गात होता. त्याला गाता येत नव्हतं. बार्शीत अडतीसमोर गर्दी जमली. मेव्हण्यांनी दोन हमालांकडून पोतं आमच्या पाठीमागे, नवारीवर आडवं टाकलं. बैठक खाली वाकली. "सोसंल का?" त्यांनी विचारलं. भाऊ म्हणाला, "विणकराची नवार हाय."

परतीच्या वाटेवर वैराग गाव मागे पडल्यावर वास यायला लागला. सूत करपल्याचा. आता सांगायला बरं, पण तेव्हा आम्हा दोघांनाही त्यात वेगळं काही वाटलं नाही. पूर्व भागातल्या घरांत तो वास रोजचा. मागाच्या मोटारीवर पिंजर, म्हणजे सुताचे उडते तंतू, बसते, ठिणगी पडते, सूत करपतं. झोपेतही तो वास घेऊन आम्ही मोठे झालो होतो. दुसऱ्या कुणी गाडी तिथेच थांबवली असती. आम्ही मात्र घर जवळ आल्यासारखे बसून राहिलो.

मग माझ्या मांडीखाली चटका बसला. गाडी थांबेपर्यंत गादीतून ज्वाळा वर आली होती. आतल्या आत कधीपासून धुमसत होती कोण जाणे. कॅनमधलं पाणी ओतलं, ते पुरलं नाही. भावाने पोतं ओढायचा प्रयत्न केला, तर नवार तुटली आणि पोतं थेट पाइपावर बसलं. त्याचे तळवे भाजले. मी त्याला मागे ओढलं. मागून आलेली एसटी थांबली, माणसं उतरून माती टाकू लागली, पण मागे पेट्रोलची टाकी होती म्हटल्यावर सगळे लांब झाले. टाकी पेटली. पोतं फुटलं, आणि त्या आगीत ज्वारीच्या लाह्या फुटून रस्ताभर उडायला लागल्या. एक म्हातारा बघत म्हणाला, "काय ओ, नागपंचमी करताय का मोटारीची?" कुणी हसलं नाही.

त्याच एसटीने आम्ही सोलापूरला आलो. भाऊ तळव्यांना ओला पदर गुंडाळून बसला होता, पदर माझा. वाटेत तो एकच वाक्य बोलला. "सीटचं नाव काढायचं नाही."

गॅरेजात मालक होते, आणि वाट बघत नायनाही बसलेले होते, बाकाच्या कडेला. मालकांनी तळवे बघून आधी बर्नॉल आणायला माणूस पाठवला. मग विचारलं, "कशानं?"

"वायर शॉर्ट झाली," भाऊ म्हणाला.

मालक तंबाखू मळू लागले. "इंजिन गेलं आसतं तर म्हणलो आसतो, जुनंच होतं. पाइप तुटला आसता तर म्हणलो आसतो, नशीब. जाऊन आलास ह्येच लई हाय म्हणून शेड दिली बी आसती." त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. "पर वायरिंग तुज्या हातचं हाय. उद्या लोकांच्या गाड्या तुज्या हाती देऊ कशा?"

भाऊ खाली बघत होता. नायनांच्या समोर सीटचं नाव मलाही काढता येईना.

दिवाळीआधी तो पुण्याला गेला. नायना स्टेशनवर आले, गाडी हलल्यावर काही पावलं चालले आणि थांबले.

जळालेला सांगाडा मालकांनी ट्रकवर घालून आणला होता आणि मागच्या अंगणात टाकला होता. एके दिवशी कामावरून येताना मी डोकावले, तर नायना त्याच्यापाशी उकिडवे बसले होते. पुढच्या वायरींवरचं रबर शाबूत होतं. जळाली होती ती मधली चौकट, आणि पाइपाला काळ्या सुताचा थर चिकटला होता. नायना तो नखाने खरवडत होते. मला बघून उठले आणि सरळ मालकांकडे गेले. आयुष्यात प्रथम ते मालकांशी बोलले, मोडक्या मराठीत. "वायर बरोबर हाय. सीट माझी. पोराची चूक न्हाय."

मालकांनी ऐकून घेतलं. मग शेडकडे हात केला. दारात भुशाची पोती रचलेली होती. "आता सांगताय व्हय? परवाच भाड्यानं दिली की हो. वरसाचा करार केला." त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. त्यांनी नायनांना चहा पाजला.

"त्याला कळवू नको," घरी येताना नायना म्हणाले. "मला कळलंय हे त्याला कळायला नको."

मी कळवलं नाही. भावाची पत्रं यायची, ती मीच वाचून दाखवायची. पगार, खोली, खाणावळ. नायना माग थांबवून ऐकायचे. सगळं वाचून झाल्यावर एकदा त्यांनी विचारलं, "तिथं काम बसून असतं का उभं राहून?"

मी तसं लिहून विचारलं. उत्तर आलं: पूर्ण पाळी उभ्यानं.

नायनांनी मान हलवली आणि धोटा हातात घेतला.