मांगून पाहा

त्यांच्या हातात कागद दिला की ते तो आधी पालथा करीत. विजेचं बिल असो, सातबारा असो, लेकीची गुणपत्रिका असो, समोरची बाजू नंतर. बँकेचा पाच-सहा पानी कागद असला तर सरळ शेवटच्या पानावर जात, कपाळावरचा चष्मा खाली ओढत आणि म्हणत, "मांगून पाहा, सर. पुढून त सगळेच पाह्यतात."

अकोल्याच्या जठारपेठेत एका अरुंद गाळ्यात त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. सगळे त्यांना भाई म्हणत, म्हणून मीही भाईच म्हणतो. नाव लिहीत नाही. छापील कागदावर स्वतःचं नाव दिसलं तरी ते आधी मागे काय आहे तेच बघतील.

ही सवय म्हणजे त्यांचं शहाणपण, असं आम्ही गिऱ्हाइकं समजायचो. खरं कारण त्यांचं मशीन होतं. त्या जुन्या मशीनमधून प्रत बाहेर पडायची ती छापील बाजू वर करून. पहिल्या पानापासून सुरुवात केली तर गठ्ठा उलटा हाती येई आणि एकेक पान पुन्हा लावत बसावं लागे. म्हणून भाई शेवटचं पान आधी काचेवर ठेवीत. पंचवीस वर्षं त्यांनी गावाची कागदपत्रं अशी शेवटाकडून सुरुवातीकडे पाहिली. आता तुम्हीही कधी कर्जाचं मंजुरीपत्र हाताळलं असेल. बँकेला हौसेनं सांगायचं असतं ते पहिल्या पानावर असतं, आणि सांगणं भाग असतं ते शेवटच्या. भाईंची गाठ रोज शेवटच्या पानाशी आधी पडायची.

त्यामुळे कोणती बँक घरासाठी किती टक्क्यानं कर्ज देते, फाइलचे किती घेते, वकिलाचे किती लावते, हे त्यांना तोंडपाठ असे. पण एकाचं कर्ज दुसऱ्याला त्यांनी कधी सांगितलं नाही. मी एकदा आमच्या मुख्याध्यापकांच्या कर्जाबद्दल सहज खडा टाकून पाहिला, तर म्हणाले, "सर, काचीवरून कागद उचलला का मी विसरतो." विसरत काही नव्हते, पण सांगतही नव्हते.

कागदाबद्दल त्यांना माणसाएवढी काळजी वाटे. काउंटरवर कुणाचं मूळ खरेदीखत आलं की ते आधी कूलर बंद करीत, पान उडू नये म्हणून. अकोल्याचा मे महिना, दुकानात पाच-सात माणसं, आणि कूलर बंद. लोक घामानं निथळत, कुरकुरत, पण कूलर चालू व्हायचा तो खरेदीखत पिशवीत गेल्यावरच. एकदा एक गृहस्थ मूळ खरेदीखत लॅमिनेट करायला घेऊन आले. भाईंनी चक्क नकार दिला. "झेरॉक्स करून देतो, लॅमिनेशन नाही. उद्या शिक्का तपासाचा म्हणलं कोनी, त काय प्लॅस्टिक तपासतीन?" गृहस्थ रागानं पलीकडच्या दुकानात गेले. भाईंनी त्यांच्या मागे दुकानाबाहेर जाऊन पुन्हा तेच सांगितलं, तेव्हा ते लॅमिनेशन न करताच घरी गेले. गिऱ्हाईक गेलं ते गेलंच, पण खरेदीखत वाचलं.

आता माझी गोष्ट. मी इथल्या एका शाळेत मराठी शिकवत होतो. गावाच्या कडेला कर्ज काढून घर बांधलं. कर्ज घेताना बायकोनं आणि मी एकच गोष्ट नीट पाहिली होती: शेवटचा हप्ता माझ्या निवृत्तीच्या दोन वर्षं आधी पडला पाहिजे. पेन्शन म्हणजे पगाराच्या निम्मी. तीत हप्ता बसवायचा तर दोघांनी खायचं काय, असा साधा प्रश्न होता. पुढे व्याजाचे दर वाढले, लोक ओरडायला लागले, पण माझा हप्ता एका रुपयानं हलला नाही. स्टाफरूममध्ये मी ऐटीत सांगायचो की बाकीच्या बँकांचं मला माहीत नाही, आपली बँक सज्जन आहे.

मग एका दुसऱ्या बँकेचा फोन आला. तुमचं कर्ज आमच्याकडे आणा, अर्धा टक्का कमी. कागदपत्रांच्या प्रती हव्या होत्या, म्हणून मी भाईंकडे गेलो. त्यांनी माझ्या बँकेचं सालाचं विवरण पालथं केलं आणि शेवटची ओळ वाचून विचारलं, "सर, रिटायर कधी होऊन राहिले?"

मी साल सांगितलं. त्यांनी बोट ठेवलं तिथं शेवटच्या हप्त्याची तारीख होती. ती माझ्या निवृत्तीनंतर चार वर्षांनी होती.

"पण माझा हप्ता वाढलाच नाही," मी म्हणालो.

"म्हून त तुमाले कळलं नाही. दर वाढला का बँक हप्त्याले हात नाही लावत. हप्त्यायचे मयने वाढवते. हप्ता तुमाले रोज आठवते, मयने कोन मोजते?"

मी स्टुलावर बसलो. भाईंनी माठातलं पाणी दिलं आणि मागे उभ्या असलेल्या माणसांना थांबा म्हणून खूण केली. इतकी वर्षं मी ज्या सज्जनपणाचं कौतुक करत होतो, त्यानं माझी सहा वर्षं गुपचूप वाढवून ठेवली होती.

घरी बायकोला सांगितलं. ती तिवसा गावची, कमी बोलणारी. तिनं एवढंच विचारलं, "म्हंजे तुमी रिटायर झाल्यावरबी घर बँकेचंच?" त्या रात्री आम्ही दोघंही नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी दर गोळा करायच्या मागे लागलो. तीन बँकांचे दर जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिले, रेघा मारल्या, लाल शाईनं गोल केले. सगळ्यात कमी दर त्या फोनवाल्या बँकेचा. तिचं मंजुरीपत्र आलं आणि मी ते विजयी चेहऱ्यानं भाईंपुढे ठेवलं. भाईंनी ते पालथं केलं. फाइलचा खर्च, वकिलाचा खर्च, मूल्यांकनाचा खर्च, गहाणखताचा मुद्रांक, सगळं बोटानं दाखवत खाली आले आणि थांबले.

"मुदत पाह्यली का? पंधरा वर्षं. सर, हे त पुना बोहल्यावर चढनं झालं."

मागे कुणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. मी विचारलं, मग करू काय? त्यांच्यापुढे गर्दी होती. त्यांनी पुढच्या माणसाचं आधारकार्ड काचेवर ठेवता ठेवता नेहमीचं वाक्य टाकलं, "आधी मांगून पाहा, सर. मंग ठरवा."

मी आज्ञाधारक माणूस. घरी गेलो आणि त्या बँकेचा कागद मागून वाचायला घेतला. तीन संध्याकाळी वाचला. शेवटचं पान, त्याच्या आधीचं, त्याच्या आधीचं. बारीक अक्षरांच्या खाली पेन्सिलीनं रेघा मारल्या. बायको म्हणाली, "मांगून झालं असन त आता आडवं धरून पाहा." चौथ्या दिवशी मी भाईंना माझी टिपणं वाचून दाखवली. अकरा कलमं होती. त्यांनी मशीन थांबवून सगळी ऐकली आणि मग अगदी हळू, माझी फजिती आजूबाजूला कळू नये म्हणून, विचारलं, "सर, तुमी पोरायले मराठीच शिकवता ना?"

"हो."

"मी कागद मांगून पाहा नाही म्हणलो. बँकेत मांगून पाहा म्हणलो. तुमच्याच बँकेत. बाहेर बोर्ड लावला ना त्याइनं, नव्या गिऱ्हाइकाले इतका दर म्हून? तो मले काहून नाही, असं इचारा. तुमी बारा वर्षाचे जुने."

आमच्या वऱ्हाडीत मागची बाजूही मांगं आणि मागणी करणंही मांगणं. दहावीच्या वर्गाला दर वर्षी श्लेष अलंकार शिकवणारा मी, आणि दुकानात रोज ऐकलेल्या शब्दाचे दोन अर्थ मला दिसले नाहीत. याचं कारण शब्दात नव्हतं. बँकेकडे काही मागता येतं हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बँक मागते आणि आपण देतो, एवढंच मला माहीत होतं.

गेलो बँकेत. काउंटरवर एक तरुण बाई होत्या. मी घसा साफ करून विचारलं. त्यांनी खणातून एक पानी अर्ज काढला आणि म्हणाल्या, "सर, दर बदलून घ्यायचा तर अर्ज द्यावा लागतो. तुम्ही दिलाच नव्हता." थोडी फी भरली. दर त्या दुसऱ्या बँकेच्या जवळपास आला. त्यांनी आपुलकीनं विचारलं, "मग हप्ता कमी करू ना?" हा प्रश्न येणार हे भाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं. "हप्ता कमी करतो म्हनतीन. हो म्हनू नका. मयने कमी करा म्हना." मी तसंच म्हणालो. शिवाय पगारवाढीबरोबर दर वर्षी हप्ता थोडा वाढवत गेलो, पगाराच्या थकबाकीचे पैसे आले ते तिकडेच टाकले. शेवटची तारीख मागे मागे सरकत निवृत्तीच्या अलीकडे आली. त्या दिवशी बायकोनं शिरा केला आणि डबा भरून भाईंकडे पाठवला. भाईंनी डबा घेतला, आणि माझ्या कागदांच्या बारा प्रतींचे चोवीस रुपयेही घेतले.

सगळ्यांना ते एकच औषध देत असं मात्र समजू नका. सरकारी दवाखान्यातल्या एका सिस्टरबाईंना त्यांनी माझ्यादेखत कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायला सांगितलं. बाईंनी आपल्या बँकेत दोनदा अर्ज देऊन पाहिला होता आणि बँक ढिम्म हलली नव्हती. भाईंनी एका बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठीवर नव्या बँकेचा सगळा खर्च मांडला, वाचणारं व्याज मांडलं, आणि म्हणाले, "दीड वर्षात खर्च निंगून जाते. तुमची सोळा वर्षं बाकी हायेत. मांगून झालं, बाई, आता हलवा. पन मुदत सोळाच लिहून घ्या." वाढवून सांगणं नाही, घाबरवणं नाही. असं बोलणारी माणसं बँकेच्या आत मला फार भेटली नाहीत.

त्यांनी स्वतः मात्र कधी कर्ज घेतलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आमच्यात व्याजाचं चालत नाही, सर." एवढंच. त्यावरून आम्हाला चार शब्द ऐकवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. परतवाड्याला त्यांची बापाची थोडी जागा होती, तिथं ते रोखीनं घर बांधत होते. वर्षाला एक काहीतरी. औंदा जोता झाला. औंदा भिंती खिडकीपर्यंत आल्या. एक साल मुलीच्या लग्नात गेलं, तेव्हा म्हणाले, "औंदा घरानं सुट्टी घेतली." माझं घर आधी उभं राहिलं आणि मी त्याच्यामागे धावत राहिलो. त्यांचं घर त्यांच्या चालीनं येत होतं, आणि मला खरं सांगायचं तर त्यांचा हेवा वाटायचा.

यंदा, निवृत्तीला चार महिने असताना, माझा शेवटचा हप्ता पडला. बँकेनं मूळ खरेदीखत परत दिलं आणि कर्ज पूर्ण फिटल्याचं पत्र दिलं. मी रिक्षा केली ती घराकडे नाही, जठारपेठेकडे. ते पत्र आधी भाईंनी पालथं करावं अशी माझी इच्छा होती.

गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगलेली होती. भाईंचा बोर्ड आत भिंतीला उलटा टेकवून ठेवला होता. गाळ्याचा मालक तिथेच होता, माझाच जुना विद्यार्थी. मला पाहून उठून उभा राहिला. मी विचारायच्या आधीच बोलायला लागला.

"सर, मी फक्त भाडं वाढवतो म्हणलो व्हतो. त्याइनं 'बरं' म्हणलं आन महिन्याच्या शेवटी किल्ली आनून देली. कमी कर म्हणले असते त मी केलं असतं, सर. एक शब्द नाही बोलले."

मीही कधी त्यांना विचारलं नव्हतं, भाई, भाडं किती आहे, परवडतं का. माझी चारेक वर्षं त्यांनी परत मिळवून दिली आणि मला त्यांच्या दुकानाचा मालक कोण हेही माहीत नव्हतं. लाज वाटली.

बोर्ड सरळ करून त्यावरचा नंबर लावला. त्यांनीच उचलला.

"कर्ज फिटलं, भाई. पत्र हातात आहे."

"मांगं काय लिहिलं?"

मी पत्र पालथं केलं. "कोरं आहे."

"मंग झालं, सर. खरंच झालं."

मग मला राहवलं नाही. "एवढ्या लोकांना मांगून पाहा म्हणालात. तुम्ही का नाही मागून पाहिलं? हा माझा विद्यार्थी आहे. मी सांगितलं असतं."

त्यांच्या मागे कुठेतरी बांधकामाची ठोकाठोक चालू होती.

"तुमी बँकेत मांगितलं ते तुमच्या हक्काचं व्हतं, सर. दुकान त त्याचं व्हतं." आणि लगेच आवाज बदलून म्हणाले, "ते खरेदीखत लॅमिनेट करू नका. आन परतवाड्याले आले त घरी या. जिना राह्यला हाये अजून."

फोन ठेवला. मालकानं विचारलं, सर, झेरॉक्स काढायची होती का, पलीकडे नवं मशीन आलंय, भराभर काढून देतात. मी हो म्हणालो आणि कागद पिशवीत ठेवले. त्या खरेदीखताची झेरॉक्स मी अजून काढलेली नाही.