काकांचं रविवारचं वॉफल

“वास आला का?”

समोरच्या दारातले काका दर रविवारी सकाळी हे विचारत आमच्या घरात डोकवायचे. वास आलेलाच असायचा. मग मी आणि आमचे हे ताटल्या घेऊन निघायचो.

काका मूळचे कराडकडचे. उभी हयात इथे बोईसरच्या एका केमिकल कंपनीत काढलेली, काकू गेल्यापासून एकटेच. मुलानं दिलेल्या वॉफलच्या मशीनवर त्यांचा भारी जीव. पीठ ओतून झाकण लावलं की घड्याळ बघत उभे. चार मिनिटं म्हणजे चार मिनिटं. प्लांटवरचा ऑपरेटर दुसरं काय करणार? वरून गुळात आटवलेल्या चिकूच्या फोडी. आम्ही पहिला घास घेतला की ते आमच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. कौतुक हवं असतं बिचाऱ्यांना, असं मी घरी येऊन हसत म्हणायचे. तुम्हीही तेच म्हणाला असता.

जवळच्या नवापूरच्या किनाऱ्यावरून मासे घेऊन येणारी बाई एकदा म्हणाली, “वास घेऊन बघ काका, ताजा हाय.” काकांनी कल्ला उघडून लाली पाहिली, नाकाजवळ काही नेलं नाही. केवढा विश्वास, असं मला वाटलं.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी हाक आली नाही म्हणून मीच गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत पाऊल टाकलं आणि गॅसचा वास भसकन नाकात शिरला. चिकू उतू जाऊन शेगडी विझली होती, बटण चालूच होतं आणि काका हातात लायटर घेऊन ओट्याशी उभे होते. मी धावत जाऊन तो हिसकावला, बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या.

“काका, वास येत नाही का तुम्हाला?” मी ओरडलेच.

“न्हाई येत,” ते हळूच म्हणाले. “कंपनीत असतानाच गेला. निस्तं गोड-खारट कळतंय. तवा सांगितलं असतं तर प्लांटवरनं काढलं असतं. तुमच्या तोंडाकडं बघूनच करतोय सगळं.”

इतकी वर्षं दारासमोर दार ठेवून राहिलो, आणि मला हे ठाऊक नव्हतं.

“पोराला सांगू नका,” ते म्हणाले. “इथनं घेऊन जाईल. तिथं मी काय करू?”

मी त्याच दुपारी मुलाला फोन केला. इमारतीत लहान मुलं आहेत, दुसरं काय करणार होते? तरी त्यांचा शब्द मी मोडला, हे खरंच.

पंधरा दिवसांनी मुलगा पुण्याहून न्यायला आला. निघायच्या सकाळी काकांनी वॉफलं केली. मुलगा शेगडीशी पहारा देत उभा. काकांनी माझ्यापुढे ताटली केली. मी घास घेतला. तो काही केल्या खाली उतरेना. काका माझ्या तोंडाकडे बघत होते.

“बिघडलंय?”

मी नाही म्हणून मान हलवली.

“बिघडलंय,” ते मुलाला म्हणाले. माझ्या हातातली ताटली घेऊन त्यांनी कचऱ्याच्या डब्यात रिकामी केली, आणि उरलेलं पीठ सिंकमध्ये ओतून नळ सोडला.